आरोग्य हक्काच्या कामाला निधी: छोट्या गटांनी कुठून सुरुवात करायची

रुग्णवाहिका भेट द्यायला दहा देणगीदार मिळतात. ती रुग्णवाहिका रात्री पाड्यावर का येत नाही, हे विचारणाऱ्या गटाला पैसे द्यायला मात्र एखादाच तयार होतो. हा लेख त्या विचारणाऱ्या गटांसाठी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कारभारावर लक्ष ठेवणारे, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा गरिबांना मिळवून देणारे, जनसुनवाई (लोकांनी अधिकाऱ्यांपुढे तक्रारी मांडायची जाहीर सभा) भरवणारे, औषधांच्या तुटवड्याचा पाठपुरावा करणारे सहा-आठ जणांचे गट डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. दवाखाना किंवा शिबिरं चालवणाऱ्या संस्थांना यातलं बरंचसं लागू पडेल, पण त्यांची वाट सोपी आहे.

महाराष्ट्रात या कामाला पैसा मिळालेला आहे, तोही सरकारी. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली. सरकारी आरोग्यसेवेला लोकांनी गुण द्यायचे आणि त्याचा खर्च सरकारी कार्यक्रमातून व्हायचा, अशी ती रचना होती. तेव्हा 'आपल्याला कोण देणार' असं म्हणून आधीच हात टेकू नका. कोणता पैसा कोणत्या कामाला चालतो हे मात्र नीट समजून घ्या. बहुतेक गटांची गाडी तिथेच अडते.

नोंदणीपासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत दीड-दोन वर्षं धरून चला.

१. नोंदणीआधी: गावात असलेला पैसा वापरा

नवे गट संस्थेच्या नावावरून भांडत बसतात आणि गावातला निधी मार्चअखेर परत जातो. खालच्या तीन ठिकाणी तुमच्या नावाने नोंदणी असण्याची गरज नाही, कारण पैसा तुमच्या खात्यात येतच नाही. तो कशावर खर्च व्हावा, एवढंच तुम्ही ठरवून घ्यायचं.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंध (ठराविक बाबीला बांधून न दिलेला) निधी मिळतो. रक्कम छोटी आहे, पण रक्तदाब मोजण्याचं यंत्र, वजनकाटा किंवा गावबैठकीचा खर्च त्यातून निघतो. समितीची बैठक खरोखर झाली का, इतिवृत्तावर सह्या कुणाच्या आहेत, हे आधी पाहा.

दुसरा ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे 'आमचं गाव, आमचा विकास'. आरोग्याची मागणी १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरावाच्या भाषेत मांडा. २६ जानेवारीला मांडलेली मागणी बहुधा पुढच्या वर्षावर जाते.

तिसरा अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातल्या गावांसाठीचा पेसा निधी. पेसा म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींकडे जातो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याचा एक ठरलेला भाग आहे. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, ग्रामसेवक नव्हे. हे वाक्य ग्रामसभेत पुन्हापुन्हा म्हणावं लागतं.

या तिन्ही ठिकाणच्या ठरावांच्या नकला जपून ठेवा. पुढे प्रस्तावात 'आमच्या कामाचा परिणाम' म्हणून याहून भक्कम पुरावा नसतो.

लोकवर्गणीबद्दल एक इशारा. नोंदणी नसलेल्या गटाला जाहीरपणे वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. पावतीपुस्तक छापण्याआधी ती घ्या.

२. नोंदणी: कोणत्या नावाने उभं राहायचं

तीन पर्याय आहेत. १८६० च्या कायद्याखाली संस्था (किमान सात सभासद), सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणजे ट्रस्ट, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात संस्था नोंदवली की ती ट्रस्ट म्हणूनही नोंदवावी लागते. दोन्ही कामं सहायक धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होतात. गोव्यात धर्मादाय आयुक्तांची ही रचना नाही, तिथे संस्था जिल्हा निबंधकाकडे नोंदवतात.

तालुका पातळीवरच्या गटाला आमचा सल्ला: संस्था करा. कलम ८ ची कंपनी मोठ्या देणगीदारांना आवडते खरी, पण दरवर्षीची विवरणपत्रं आणि कंपनी सेक्रेटरीची फी छोट्या गटाला पेलत नाही.

घटना व नियमावली लिहिताना उद्दिष्टांवर वेळ घालवा. 'रुग्णांना मदत करणे' एवढंच लिहिलं, तर पुढे धोरणाच्या पाठपुराव्यासाठी निधी मागताना 'हे तुमच्या उद्दिष्टांत कुठे आहे' असा प्रश्न येतो. आरोग्यसेवांबाबत संशोधन, लोकशिक्षण, प्रशिक्षण, रुग्णहक्कांबाबत सल्ला व साहाय्य, शासनाशी समन्वय हे शब्द आधीच घाला. 'आंदोलन', 'लढा', 'मोर्चा' हे शब्द उद्दिष्टांत टाळा. आंदोलन करणं गैर म्हणून नव्हे. आयकर आणि परदेशी निधीची कार्यालयं हे शब्द 'राजकीय स्वरूप' म्हणून वाचतात.

कार्यकारिणीत एकाच घरातले तिघं नकोत. नवरा अध्यक्ष आणि बायको खजिनदार असलेली संस्था पहिल्याच चाळणीत बाद होते.

सगळ्यात जास्त नडतो तो चेंज रिपोर्ट. कार्यकारिणी बदलली की विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज करायचा असतो. तो राहिला की परिशिष्ट १ च्या (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीच्या) उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. मग बँक सह्या बदलत नाही, देणगीदार करार करत नाही, आणि जुना सचिव रुसून बसलेला असेल तर विचारायलाच नको. निवडणूक झाली त्याच आठवड्यात अर्ज करा.

३. आयकराचे कागद

पॅन कार्ड आणि बँक खातं झालं की १२ए आणि ८०जी. १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नावरची करमाफी, ८०जी म्हणजे तुम्हाला देणगी देणाऱ्याला मिळणारी सवलत. नव्या संस्थेला दोन्ही आधी तीन वर्षांसाठी तात्पुरत्या मिळतात. नियमित नोंदणीचा अर्ज तात्पुरती मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो. या दोहोंपैकी जी तारीख आधी येईल ती. 'जी आधी येईल ती' हे शब्द वाचायचे राहून गेल्याने कित्येक संस्थांची नोंदणी गेली आहे.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. बोलण्यात १२ए-८०जी राहतील, अर्जावर मात्र नवे क्रमांक लागतील. इंटरनेटवरची जुनी सूचनापत्रकं उतरवून अर्ज भरू नका, सीएला विचारा.

देणगीदारांशी बोलताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही. देणगीदाराने नवी करप्रणाली निवडली असेल तर त्याला ही सवलत मुळातच नाही. आणि त्याचा पॅन क्रमांक लागतो, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण ऑनलाइन भरल्याशिवाय त्याचं प्रमाणपत्र निघत नाही. पॅन मार्चमध्येच घेऊन ठेवा. मे महिन्यात लग्नसराईत कुणी फोन उचलत नाही.

याच टप्प्यावर नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर नोंद करा. फी नाही, पण सरकारी योजनेचा जवळपास प्रत्येक अर्ज तो क्रमांक मागतो.

४. पैशाचे प्रकार, आणि कोणता कशाला चालतो

*सरकारी.* राष्ट्रीय आरोग्य अभियान, जिल्हा परिषद, आदिवासी विकास विभाग. हा पैसा प्रशिक्षण, जनजागृती, सर्वेक्षण यांना चालतो. हप्ता उशिरा येतो, कधीकधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि त्याच महिन्यात खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामाला लागल्याचा दाखला) मागतात. तीन-चार महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी नसेल, तर हा निधी घेऊन कार्यकर्त्यांचे हाल होतात. दुसरी अडचण नाजूक आहे. ज्या कार्यालयाच्या कारभारावर बोट ठेवायचं, त्याच कार्यालयाकडून हप्ता घ्यायचा. ते करायचं असेल, तर अहवाल गावात आधी वाचला जाईल आणि मग अधिकाऱ्यांकडे जाईल, ही अट करारात लिहून घ्या.

*कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी.* कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चावे लागतात. परिशिष्ट सातमध्ये आरोग्यसेवा, प्रतिबंधात्मक आरोग्य, कुपोषण, पिण्याचं पाणी हे विषय आहेत. तुम्हाला लागतात १२ए, ८०जी, सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांक, आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव.

कंपनीला मोजता येईल असं आणि वाद न होणारं काम हवं असतं. जनसुनवाईला सीएसआर मिळेल अशी आशा धरू नका. पण गरोदर मातांची नोंद, आशा कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, रुग्ण मदत कक्ष याला मिळतो. तुमच्या कामाचा तो भाग वेगळा काढून द्या आणि बाकीचं दुसऱ्या पैशातून करा. जानेवारीत एखाद्या कंपनीचा अचानक फोन आला, तर समजा की त्यांचा पैसा ३१ मार्चपर्यंत खर्ची पडायचा आहे. अशा वेळी एका रात्रीत प्रस्ताव द्यावा लागतो. दोन पानांचा मसुदा तयार ठेवा.

इथला नेहमीचा घोळ: 'सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्केच चालतो' असं कंपनीचा माणूस सांगतो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, तुमच्या संस्थेच्या खर्चावर नाही. नम्रपणे नियम दाखवा. न दाखवल्यास तुमचा हिशेबनीस फुकट राबेल.

*देशी परोपकारी संस्था.* अझीम प्रेमजी फाउंडेशन किंवा टाटा ट्रस्ट्ससारख्या. हक्काच्या कामाला सगळ्यात जवळचा पैसा हाच: दोन-तीन वर्षांची मुदत, पगाराला पैसे, आणि गावबैठकांचं महत्त्व कळणारी माणसं. स्पर्धा मोठी असते आणि तुमचं प्रत्यक्ष काम पाहायला ते गावात येतात. त्या भेटीसाठी गाव सजवू नका. एरवीची मासिक बैठक असेल त्याच दिवशी बोलवा.

*परदेशी निधी.* इथे चूक झाली तर संस्था बंद पडते, म्हणून थोडं सविस्तर.

परदेशी योगदान नियमन कायदा २०१० खाली नोंदणी नसताना संस्थेने परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. तेवढा नसेल, तर एका ठराविक देणगीदाराकडून ठराविक कामासाठी ठराविक रक्कम घेण्याची पूर्वपरवानगी मागता येते. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतो. तिथून पुढे तुमच्या गावच्या बँकेत आणता येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं, त्या वर्षी काहीच आलं नसेल तरी.

आता मराठी गटांचा हमखास पाय घसरतो ती जागा. गावचा मुलगा न्यू जर्सीत आहे, आईच्या नावाने पन्नास हजार देतो म्हणतो. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले, तर ते परदेशी योगदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. पण त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) कार्ड असलं तरी, तो परदेशी स्रोत झाला. त्याने सुट्टीत गावी येऊन रुपयांत धनादेश दिला तरीसुद्धा. तिथल्या महाराष्ट्र मंडळाने दिलेला पैसा परदेशीच. अशा माणसाला प्रेमाने नाही म्हणायचं आणि नोंदणी असलेल्या संस्थेचं नाव सुचवायचं.

दुसरी जागा: सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी निधी मिळालेली संस्था तो पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था घेई आणि तालुक्याच्या गटांना वाटे. तो रस्ता बंद झाला आहे. कुणी 'आमच्याकडून घ्या, व्हाउचर आमच्या नावाने करा' म्हणालं, तर दोघंही अडकाल. मोठ्या संस्थेने तुमचे कार्यकर्ते स्वतःच्या पगारपत्रकावर घेऊन स्वतः काम करणं, हा सरळ मार्ग उरतो.

तिसरी: या कायद्याखाली राजकीय स्वरूपाच्या संघटनेला परदेशी निधी घेता येत नाही, आणि नियमांत बंद, रास्ता रोको वगैरे करणाऱ्यांचाही त्यात उल्लेख होता. ६ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ मर्यादित केला: सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना हक्कांसाठी असे मार्ग वापरणाऱ्या संघटनेला केवळ तेवढ्यावरून राजकीय ठरवता येत नाही. निकालाची प्रत फाइलला असू द्या. तरीही ज्या संस्थेत परदेशी निधी आहे, त्या संस्थेच्या फलकाखाली निवडणुकीच्या काळात कुणाच्याही मंचावर जाऊ नका.

*देशी निधी, पण दुसऱ्या संस्थेमार्फत.* तुमची नोंदणी होईपर्यंत ओळखीच्या संस्थेच्या छत्राखाली राहता येतं. मात्र एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच आता आयकरात तिचा खर्च म्हणून धरतात. त्यामुळे यजमान संस्था कुरकुरतात. त्यांचं चुकत नाही. हा हिशेब आधीच बोलून घ्या.

५. माहिती: प्रस्तावाआधी दोन महिने

'आमच्या भागात आरोग्याची अवस्था फार बिकट आहे' हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं, म्हणून कुणी वाचत नाही. त्याऐवजी निकष आणि वास्तव शेजारी ठेवा. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष; डोंगरी-आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. तुमच्या तालुक्यात किती आहेत, त्यांतल्या किती उपकेंद्रांत एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) राहते, हे मोजा.

जिल्ह्याचे आकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून (२०१९-२१) घ्या. ते जिल्ह्यापर्यंतच आहेत. तालुक्याचा आकडा म्हणून ते छापू नका. तपासणारा माणूस ते लगेच ओळखतो. आणि जिल्ह्याच्या सरासरीत पाड्याची उपासमार दिसत नाही, हाच तर तुमचा मुद्दा असतो. तो तुमच्या स्वतःच्या छोट्या पाहणीतून दाखवा: २० गावं, प्रत्येकी १० घरं, सात-आठ प्रश्न.

बाकीचं माहिती अधिकारातून. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे औषधसाठा, रिक्त पदं आणि रुग्ण कल्याण समितीचा खर्च यांचे तीन वेगळे अर्ज करा.

शहरातल्या गटांसाठी: धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावायचं, हे २०२१ च्या नियमांत आहे. कोणत्या रुग्णालयात फलक आहे, कुठे नाही, याची फोटोसह यादी एका महिन्यात होते.

रुग्णाचं नाव, आजार, चेहरा प्रस्तावात घालू नका. एचआयव्ही, क्षयरोग, गर्भपात असेल तर गावाचं नावही नको.

६. प्रस्ताव

आधी दोन पानी टिपण पाठवा. पूर्ण प्रस्ताव मागितल्यावरच. टिपणात पाच प्रश्नांची उत्तरं हवीत: अडचण नेमकी काय, ती कुणामुळे सुटेल, तुम्ही काय कराल, वर्षाअखेर काय बदललेलं दिसेल, किती पैसे.

दुसऱ्या प्रश्नावर गट अडखळतात. उपकेंद्र उघडं राहणं हे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात आहे, पद भरणं जिल्हा परिषदेच्या किंवा राज्याच्या, औषध खरेदी आणखी कुणाच्या. 'जनजागृती करू' हे उत्तर पुरेसं नाही. लोक जागे झाले आणि केंद्राला कुलूपच असलं, तर काय?

परिणामांत तुमच्या हातात नसलेलं वचन देऊ नका. 'बालमृत्यू ३० टक्क्यांनी कमी करू' असं लिहिणारा गट एका वर्षात खोटा पडतो. त्याऐवजी: २० पैकी १५ गावांत आरोग्य समितीची दर तिमाही बैठक, ६ उपकेंद्रांचं वर्षातून दोनदा गुणपत्रक, जनसुनवाईत आलेल्या तक्रारींपैकी किती सुटल्या याची सहा महिन्यांनी जाहीर नोंद.

सोबत जोडायचे कागद, एकाच फोल्डरमध्ये स्कॅन करून:
- नोंदणी प्रमाणपत्रं, घटना व नियमावली, परिशिष्ट १ चा अद्ययावत उतारा
- पॅन, टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक), १२ए, ८०जी, दर्पण क्रमांक, लागेल तिथे सीएसआर-१
- तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि आयकर विवरणपत्रं
- तीन वर्षांचे वार्षिक अहवाल (आठ पानी चालतो, पण हवा)
- कार्यकारिणीची यादी, परस्पर नात्यांच्या खुलाशासह
- निधी स्वीकारण्याचा व सह्यांचे अधिकार देण्याचा ठराव
- रद्द केलेला धनादेश
- लैंगिक छळ प्रतिबंध व बालसंरक्षण धोरण. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समितीचा आदेश

संस्थेचं नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखं हवं. पॅनवर 'सेवा संस्था', बँकेत 'सेवाभावी संस्था', अशा एका शब्दापायी दोन-तीन महिने जातात.

७. बजेट

२० गावं, एक वर्ष, असा नमुना घेऊ. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला, मांडणी तीच ठेवा.

- समन्वयक १: २८,००० × १२ = ३,३६,०००
- कार्यकर्ते २: १८,००० × १२ × २ = ४,३२,०००
- प्रवास, ३ जण: ३,५०० × १२ × ३ = १,२६,०००
- गावबैठका: २० गावं × ४ × ६०० = ४८,०००
- दोन दिवसांची २ प्रशिक्षणं, ४० जण: ३५० × ४० × ४ दिवस = ५६,०००; साहित्य व जागा २०,०००
- गुणपत्रकं, छपाई: ३०,०००
- जनसुनवाई: जेवण २०० × १२० = २४,०००; मांडव, माइक १८,०००
- अर्धवेळ हिशेबनीस: ८,००० × १२ = ९६,०००
- लेखापरीक्षण: २५,०००
- कार्यालय भाडं: ५,००० × १२ = ६०,०००
- फोन, इंटरनेट: १,००० × १२ = १२,०००

एकूण १२,८३,०००. शेवटच्या चार ओळी प्रशासकीय, १,९३,००० म्हणजे साधारण १५ टक्के.

वाचणाऱ्याला पहिल्यांदा खटकतो तो पगाराचा वाटा, इथे सुमारे ६० टक्के. तो कमी करू नका. या कामात यंत्र नाही, इमारत नाही. माणूस पायी जातो, बसतो, ऐकतो, कागद करतो, तेच काम आहे. बजेटच्या खाली दोन ओळींत हे लिहून टाका.

पगार 'मानधन' म्हणून पाच हजार दाखवायचा आणि पूर्णवेळ राबवून घ्यायचं, हा मोह टाळा. किमान वेतनाचा प्रश्न येतो, आणि आरोग्यातल्या विषमतेवर बोलणाऱ्या गटाला ते शोभतही नाही.

विसरले जाणारे खर्च: बैठकीला येणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी, लहान मुलांना सांभाळणारी व्यक्ती, पावरी किंवा कोरकू बोलणारी दुभाषी, अपंग व्यक्तीसाठी रिक्षा. हे नसेल, तर बैठकीला तेच ते पुरुष येतात. 'इतर' किंवा 'किरकोळ' अशी ओळ ठेवू नका. प्रत्येक किरकोळ खर्चाला नाव असतं.

८. करारावर सही करण्याआधी

करार इंग्रजीत येतो. कार्यकारिणीपुढे मराठीत समजावून मगच सही करा. पाहायचं ते: हप्ते किती आणि कोणत्या अहवालावर सुटतात, एका शीर्षातून दुसऱ्यात किती टक्के वळवता येतं (१० टक्के असेल तर लेखी घ्या), उरलेला पैसा परत की पुढच्या वर्षी, अहवाल व छायाचित्रांची मालकी कुणाची, आणि प्रसिद्धीआधी देणगीदाराची परवानगी लागते का. शेवटची अट आरोग्य हक्काच्या गटाने जशीच्या तशी मान्य करू नये. जनसुनवाईचे निष्कर्ष लोकांचे असतात. देणगीदाराचं बोधचिन्ह वापरायचं असेल तेवढ्यापुरती परवानगी, असा बदल सुचवा. बहुतेक जण मान्य करतात.

करारात 'सेवा पुरवठादार', 'फी', 'इनव्हॉइस' असे शब्द दिसले तर सीएला दाखवा. अनुदान आणि सेवेचा मोबदला यांचा कर वेगळा. जीएसटी आणि टीडीएस दोन्हींचा गुंता तिथून सुरू होतो.

९. पैसे आल्यावर

प्रत्येक प्रकल्पाची खतावणी वेगळी, आणि परदेशी निधीचं खातं तर पूर्ण वेगळं. देशी पैशाचा एक रुपयाही त्यात मिसळायचा नाही. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका, तो खर्च आयकरात धरत नाहीत. मांडववाल्याला, जेवणवाल्याला बँकेतून द्या.

गावात बिल मिळत नाही, ही खरी अडचण. चहावाला पावती देत नाही, जीपवाला तर नाहीच. त्यासाठी स्वतःचं व्हाउचर छापा: तारीख, काम, रक्कम, घेणाऱ्याचं नाव, सही किंवा अंगठा, आणि बैठकीच्या हजेरीपत्रकाचा क्रमांक. हजेरी ३२ आणि जेवणं ५०, असं दिसलं की लेखापरीक्षक थांबतो. व्हाउचर त्याच दिवशी लिहा. महिनाअखेरीला एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली व्हाउचरं ओळखू येतात.

वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा. ३१ मार्चला हिशेब बंद. ३१ मे देणगीदारांचं विवरण. ३० सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षण, नंतर अहवाल धर्मादाय कार्यालयात. ३१ ऑक्टोबर आयकर विवरणपत्र. ३१ डिसेंबर परदेशी निधीचं विवरण. सीए ऑगस्टमध्ये मोकळा असतो, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नसतो.

आणि हिशेबाचा एक कागद गावातही लावा: किती आले, कशावर गेले. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर औषधसाठ्याचा फलक मागणाऱ्यांना लोक हा प्रश्न विचारणारच. पहिल्या वर्षी कार्यकर्त्यांचे पगार वाचून कुजबुज होते. ग्रामसभेत उभं राहून उत्तर द्या, दुसऱ्या वर्षी ती निम्मी झालेली असते.